बकरीला व्हिटॅमिन सीची गोळी का लागत नाही

गेल्या महिन्यात ब्रश करताना हिरडीतून रक्त यायला लागलं, मग मी स्वतःच डॉक्टर झालो आणि फार्मसीतून ५०० मिलिग्रामच्या व्हिटॅमिन सीच्या गोळ्या घेऊन आलो, त्या चघळायच्या, संत्र्याच्या चवीच्या. संध्याकाळी बाल्कांवात, म्हणजे दारातल्या ओट्यावर, बसून एक तोंडात टाकली तेव्हा शेजारची बकरी नेहमीसारखी आमच्या जास्वंदीवर तुटून पडली होती. तिला हाकलायला उठलेली माझी सातवीतली भाची मधेच थांबली आणि म्हणाली, "मामा, बोकडेक कोण दिता रे गुळयो?" बकरीला कोण देतं गोळ्या. (बोलायला कोंकणी आणि लिहायला मराठी ही फोंड्याकडची जुनी सवय, सांभाळून घ्या.)

मी हसलो, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाहीये. बकरीला गोळी लागत नाही, पेरू लागत नाही, आवळा लागत नाही. तिच्या लिव्हरमध्ये व्हिटॅमिन सी तयार होतं, रोज, ग्रॅमच्या हिशेबात. कुत्रा, मांजर, गाय, उंदीर सगळ्यांचं तेच. म्हणजे खरं सांगायचं तर व्हिटॅमिन सी हे त्यांच्यासाठी व्हिटॅमिनच नाही, कारण व्हिटॅमिन म्हणजे जे शरीराला हवं पण स्वतःला बनवता येत नाही ते. बकरीसाठी ते घरचंच सामान, आपल्यासाठी बाजारातलं. आणि हा सगळा फरक एका एन्झाइममुळे, त्याचं नाव गुलोनोलॅक्टोन ऑक्सिडेज. नाव लांब आहे म्हणून शास्त्रज्ञसुद्धा गुलो म्हणतात, आपणही तेच म्हणू.

एन्झाइम म्हणजे काय तर पेशीतला एकाच कामात तरबेज असलेला कामगार. एक वस्तू घ्यायची, तिच्यात ठरलेला एक बदल करायचा, पुढे द्यायची, बस. व्हिटॅमिन सी बनतं ग्लुकोजपासून, साध्या साखरेपासून, आणि मधे असे बरेच कामगार लागतात. ग्लुकोजपासून ग्लुक्युरोनिक ॲसिड, त्याचं गुलोनिक ॲसिड, त्याचं गुलोनोलॅक्टोन, आणि मग शेवटी गुलो येतो, ऑक्सिजन वापरून त्यातले दोन हायड्रोजन काढून घेतो, उरतो तो पदार्थ आपला आपणच व्हिटॅमिन सीमध्ये बदलतो. तिथे वेगळा कामगार लागत नाही.

मी भाचीला हे दिवाडीच्या भाषेत सांगितलं. दिवाडी बेटावर जायचंय, पूल नाही, फेरीबोटच. तुम्ही फोंड्याहून गाडी काढली, बाणस्तारी पार केली, जुने गोवे आलं, धक्क्यावर पोचलात, पेट्रोल आहे, रस्ता आहे, सगळं आहे, फक्त फेरीबोट नाही. बेट समोर दिसतंय, झाडं दिसतायत, पण जाता येत नाही. आपल्या लिव्हरची गत अगदी ही. गुलोनिक ॲसिडपर्यंतचा सगळा रस्ता आपल्यात आजही चालू आहे, त्याच्या पुढचा, लॅक्टोन बनवणारा कामगारसुद्धा शाबूत आहे, नाही ती फक्त शेवटची फेरीबोट.

मग धक्क्यावर आलेल्या गाड्यांचं काय होतं? त्या परत फिरतात. गुलोनिक ॲसिड आपल्यात दुसऱ्या वाटेने जाऊन झायलुलोज नावाची वेगळी साखर बनतं आणि रोजच्या कारभारात खपतं.

आता यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. गुलो फक्त आपणच गमावला असं नाही. माकडं, वानरं, आपण, हा सगळा गट एकाच घराण्यातला, तिथे तो सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी गेला. गंमत म्हणजे सह्याद्रीच्या जंगलात रात्री फिरणारी लाजवंती, म्हणजे लोरिस हा प्राणी, तिचं कूळ आपल्या आधी फुटलं, त्या कुळात तो अजून आहे. गिनिपिगमध्ये तो गेला पण आपल्याशी काही संबंध नसताना, स्वतंत्रपणे, खूप नंतर, सुमारे १.४ कोटी वर्षांपूर्वी. बऱ्याच वटवाघळांत गेला. आपल्या दारातला लालबुड्या बुलबुल, त्यालाही व्हिटॅमिन सी बनवता येत नाही, हे कलकत्त्यात बिरेशचंद्र गुहा आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९५८ साली दाखवलं, म्हणजे हा शोध आपल्याच देशातला, आणि आपल्याला शाळेत कोणी सांगत नाही. आणि मासे! बांगडा, तारली, इसवण, काटेवाले मासे सगळे बिनगुलोचे. पण मोरी, म्हणजे शार्क, तिच्या किडनीत गुलो आहे. म्हणजे आंबट-तीक केलेली मोरी आयुष्यभर स्वतःचं व्हिटॅमिन सी स्वतः बनवत होती, आणि शेजारच्या ताटलीतला तळलेला बांगडा आपल्यासारखाच परावलंबी. मत्स्यशेतीवाले माशांच्या फीडमध्ये व्हिटॅमिन सी घालतात ते याचसाठी, नाही घातलं तर पिल्लांचा कणा वाकडा होतो.

तर एवढ्या वेगवेगळ्या घराण्यांत, एकमेकांना न विचारता, दर वेळी हाच एक कामगार का गेला? आधीचा एखादा का नाही? कारण आधीच्यांना दुसरी कामं आहेत. ग्लुक्युरोनिक ॲसिडच्या आधीची जी पायरी, तिच्यावरच आपली लिव्हर बिलिरुबिन, म्हणजे काविळीतलं ते पिवळं द्रव्य, बाहेर टाकते, तुम्ही तापात घेतलेली पॅरासिटामॉलची गोळीसुद्धा त्याच सामानाला चिकटवून बाहेर जाते. तो कामगार मेला तर जीव जगणारच नाही, पुढे पोरंबाळं व्हायचा प्रश्नच नाही. गुलोचं मात्र एकच काम, व्हिटॅमिन सी. ते खाण्यातून भरपूर मिळत असेल तर तो मेला काय आणि जगला काय, कुणाला पत्ता लागत नाही. जुने गोव्यापर्यंतचा रस्ता बंद झाला तर बोंबाबोंब होणार कारण तिथून पणजीलाही जायचंय, म्हापशालाही जायचंय, फेरीबोट बंद झाली तर फक्त दिवाडीवाले ओरडणार, आणि दिवाडीवाल्यांना माल दुसरीकडून घरपोच मिळत असेल तर तेही गप्प.

आणि आपल्या पूर्वजांना माल घरपोचच होता. दिवसभर झाडावर, हिरवी पानं आणि फळं. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, दारात येऊन पोंऽऽ करत असेल तर घरी पाव भाजायची भट्टी बिघडली काय, सहा महिने कुणी उघडूनसुद्धा बघणार नाही. जीनमध्ये, म्हणजे असे कामगार घडवायच्या कृतीत, बिघाड होतच असतात, पिढ्यानुपिढ्या. डोळ्याच्या जीनमध्ये झाला तर तो प्राणी वाघाच्या तोंडी जातो आणि बिघाड तिथेच संपतो. गुलोच्या जीनमध्ये झाला तर काहीच होत नाही, तो बिघाड पोरांत उतरतो, नातवंडांत उतरतो. मग एकावर एक बिघाड साचत जातात.

काही लोक म्हणतात गुलो जाण्यात फायदाच होता. याला थोडा आधार आहे, कारण गुलो व्हिटॅमिन सीचा एक रेणू बनवताना हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक रेणूही सोडतो, तेच ते जखमेवर ओतल्यावर फसफसणारं औषध, पेशीच्या आत ते बरं नव्हे. फेरीबोटीचा धूर समजा. पण मला स्वतःला हे कारण अपुरं वाटतं, धूर सगळ्याच बोटींचा होता, बकरीचाही, ती तर मजेत जास्वंद खातेय. फुकटात मिळत होतं म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही, हेच मला पटतं.

बरं, मेलेला गुलो गेला कुठे? कुठेच नाही, तो आपल्यातच पडून आहे. १९५७ साली जे. जे. बर्न्स यांनी दाखवलं की माणूस, माकड आणि गिनिपिग तिघांत नेमकी ही एकच पायरी गायब आहे. पुढे १९९४ मध्ये जपानच्या निशिकिमी आणि सहकाऱ्यांनी माणसातल्या त्या जीनचा सांगाडा शोधून काढला, आठव्या क्रोमोसोमवर. उंदराचा गुलो जीन १२ तुकड्यांचा असतो, आपल्यात त्यातले अर्ध्याहून जास्त तुकडे हरवलेत आणि उरलेत त्यांत जागोजागी चुका आहेत. मांडवीच्या काठाला चिखलात रुतलेल्या जुन्या बोटी असतात बघा, फळ्या गेलेल्या, सांगाडा तेवढा उभा, आत खेकडे. बोट होती एवढं कळतं, पण चालणार नाही. असा सांगाडा तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशीत आहे.

आता हा नसल्याने काय होतं ते बघायचं तर गोव्याइतकी चांगली जागा नाही. कारवारसमोर अंजदीव नावाचं लहानसं बेट आहे, कारवारच्या इतकं जवळ की कर्नाटकातलंच वाटेल, पण कागदोपत्री आपलं, दक्षिण गोव्याचं. १४९८ च्या सप्टेंबरात वास्को द गामा कालिकतहून परत जाताना तिथे थांबला, जहाजं साफसूफ केली, पाणी भरलं आणि ५ ऑक्टोबरला आफ्रिकेकडे निघाला. येताना आफ्रिकेतल्या मालिंदी बंदरातून कालिकतला मान्सूनच्या वाऱ्यावर त्याला २३ दिवस लागले होते. जाताना वारं चुकलं, समुद्र ठप्प, आणि तोच प्रवास तीन महिन्यांना तीन दिवस कमी एवढा झाला. जहाजावरच्या माणसाने लिहिलेल्या रोजनिशीत आहे की सगळ्यांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या, खाता येईना, पाय सुजले, आणि ३० माणसं मेली, तेवढीच आधीही मेली होती. प्रत्येक जहाजावर कामाला उभी राहू शकतील अशी सात-आठ माणसं उरली. मालिंदीला पोचल्यावर आजाऱ्यांनी मागितलं काय, तर संत्री. पुढे तीन जहाजं चालवायला माणसं नाहीत म्हणून साव राफायेल हे जहाज जाळून टाकावं लागलं.

हा स्कर्व्ही. आणि तीन महिने हा आकडा बघा. माणसाच्या अंगात व्हिटॅमिन सीचा साठा असतो साधारण १५०० मिलिग्रामचा. खाण्यातून काहीच आलं नाही तर तो रोज थोडा थोडा संपत जातो, ३०० च्या खाली गेला की हिरड्या सुजतात, आणि तिथवर जायला एक ते तीन महिने लागतात. वास्कोच्या खलाशांकडे सुकी बिस्किटं आणि खारवलेलं मांस होतं, त्यात शून्य. त्याच जहाजांवर उंदीरही असणारच, त्यांनी तीच बिस्किटं कुरतडली असणार, आणि त्यांच्या हिरड्यांना काहीही झालं नसणार, कारण उंदराची फेरीबोट चालू आहे.

हिरड्याच का, तर कोलॅजनमुळे. आपल्या कातडीला, हिरड्यांना, रक्तवाहिन्यांच्या भिंतींना धरून ठेवणारा हा दोर, तीन पदरांचा, सुंभासारखा वळलेला. पदर एकमेकांत घट्ट बसायला त्यांच्यावर जागोजागी एक छोटा बदल करावा लागतो, ते काम करणाऱ्या एन्झाइमच्या पोटात लोखंडाचा एक अणू असतो, आणि ते लोखंड कामात राहायला व्हिटॅमिन सी लागतं. नसेल तर दोर वळला जातो पण सैल, ताण आला की सुटतो. जिथे दोर सतत नवा करावा लागतो तिथे आधी फाटतं, म्हणून हिरड्या, म्हणून जुने भरलेले व्रणसुद्धा पुन्हा उघडतात. भरलेली जखम म्हणजे कायमची शिवण नव्हे, शरीर तिची डागडुजी रोज करत असतं, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

औषध काय ते ब्रिटिश आरमारातल्या डॉक्टर जेम्स लिंडने १७४७ मध्ये १२ आजारी खलाशांवर करून पाहिलं, दोघादोघांच्या सहा जोड्या, प्रत्येक जोडीला वेगळं काहीतरी, आणि संत्री-लिंबू मिळालेली जोडी उठून कामाला लागली. पण फळात नेमकं काय आहे हे शोधायला प्राणी हवा ज्याला स्कर्व्ही होतो, आणि उंदीर, कबुतर, कुत्रा कुणालाच होत नाही! १९०७ मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख बेरीबेरी या वेगळ्याच आजाराचा अभ्यास करायला गिनिपिगांना नुसतं धान्य खायला घालत होते, आणि त्या बिचाऱ्यांना बेरीबेरीऐवजी स्कर्व्ही झाला. नशीब बघा, लॅबमधल्या प्राण्यांत नेमका बिनगुलोचाच हाताशी लागला. तिथून शोध पुढे सरकला, सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२८ मध्ये तो पदार्थ वेगळा काढला, १९३७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

झाडांचं काय, हा भाचीचा दुसरा प्रश्न. आवळ्यात लिव्हर नाही ना किडनी. झाडं दिवाडीलाच जातात पण दुसऱ्या धक्क्यावरून, नार्व्याहून म्हणा. सुरुवात साखरेपासूनच, पण मधली वाट मॅनोज, गॅलॅक्टोज अशी, शेवटचा एन्झाइमही वेगळा, गॅलॅक्टोनोलॅक्टोन डीहायड्रोजनेज, तो मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या वीजघरात, बसतो आणि धूर करत नाही, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड सोडत नाही. झाडांची ही वाट १९९८ मध्ये नीट कळली, एवढ्या उशिरा. आणि झाडं ते आपल्यासाठी बनवत नाहीत हो, पानावर ऊन पडलं की आत जी जळजळ होते ती विझवायला त्यांना ते लागतं, म्हणून ताज्या हिरव्या पानात ते असतंच. शेवग्याचा पाला याबाबतीत कित्येक महागड्या फळांना लाजवेल.

इथे आपल्याकडचा एक गैरसमज काढून टाकतो. आंबट म्हणजे व्हिटॅमिन सी असं नसतं. चिंच आंबट ती टार्टरिक ॲसिडने, भिरंड म्हणजे कोकम आंबट ते हायड्रॉक्सिसिट्रिक ॲसिडने. सोलकढी प्या, जेवण पचेल, पण व्हिटॅमिन सीसाठी पिऊ नका. उलट हिरवी मिरची तिखट, तिच्यात भरपूर. काजूचं बोंड घशाला खवखवतं पण वजनाला वजन ठेवलं तर संत्र्याच्या कितीतरी पुढे. आणि बघा, काजू आणि मिरची दोन्ही इथे आणली पोर्तुगीजांनीच, ज्यांचे खलाशी हिरड्या सुजून मेले त्यांनीच. ताजा नीरो, म्हणजे बोंडाचा रस, प्यालात तर मिळेल, त्याच्यापासून गाळलेल्या हुर्राक आणि फेणी या दारूंत मात्र नाही, व्हिटॅमिन सीची वाफ होत नाही, ते भाणातच, म्हणजे रस तापवायच्या भांड्यातच, राहतं आणि तिथे तापून मरतं. एप्रिल-मेमध्ये "तब्येतीला चांगलं" म्हणून हुर्राक पिणारे माझे दोन मित्र हे वाचतील तर बरं.

मग बकरी एवढं बनवते तर आपणही ग्रॅमने घ्यावं का? हा युक्तिवाद खरंच झालाय, दोन नोबेलवाल्या लायनस पॉलिंगनी १९७० पासून तो जोरात लावून धरला होता. पण आपण बकरी नाही. गुलो गेल्यावर आपल्या शरीराने काटकसर शिकून घेतली. आपल्या लाल रक्तपेशी वापरून झालेलं व्हिटॅमिन सी आत ओढून घेतात आणि पुन्हा ताजं करतात, हे २००८ मध्ये दिसलं, आणि ज्या प्राण्यांत गुलो चालू आहे त्यांच्या रक्तपेशी हा उद्योग करत नाहीत. आपली किडनी ते सहजी सोडत नाही. म्हणून रोज १० मिलिग्राममध्येही स्कर्व्ही टळतो, आणि आयसीएमआरने २०२० मध्ये सांगितलेला आकडा पुरुषांना ८० आणि बायकांना ६५ मिलिग्राम एवढाच आहे, तो एका पेरूत सहज निघतो. एका वेळी ग्रॅमभराहून जास्त घेतलंत तर निम्म्याहून कमी शोषलं जातं, न शोषलेलं शौचावाटे जातं, आणि शोषलेल्यातलंही बरंचसं महागड्या लघवीतून पर्वरीच्या गटारात. सर्दी त्याने टळत नाही, आधीपासून रोज घेणाऱ्यांची थोडी लवकर बरी होते एवढंच. आणि सतत जास्त घेणाऱ्यांना, ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांना तर खास, ते महागात पडू शकतं.

माझ्या हिरड्यांचं म्हणाल तर पंधरा दिवस गोळ्या चघळूनही रक्त थांबेना, शेवटी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आरसा आत घातला आणि म्हणाल्या, "भाऊ, किटण किती जमलंय बघा, क्लीनिंग शेवटचं कधी केलंत?" व्हिटॅमिन सी वगैरे काही नाही, मासे, पेरू, मिरची सगळं खाणाऱ्या माणसाला स्कर्व्ही कुठून व्हायचा. अर्ध्या तासात खरवडून दिलं, आठवड्यात रक्त बंद. उरलेल्या गोळ्या भाचीच्या हाती लागू नयेत म्हणून वरच्या फळीवर ठेवल्यात, तिला त्या चॉकलेट वाटतात. बकरीने दरम्यान जास्वंद संपवून अबोलीकडे मोर्चा वळवलाय.